डिंक, बुळबुळ आणि मोठं आतडं

"दादा, गुळी तशीच भायर पडली मरे."

मावसभावाचा फोन होता. मोप विमानतळाच्या पार्किंगमध्ये, टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यापासून चार पावलं बाजूला जाऊन, आवाज खाली आणून केलेला. मी आधी विचारलं, दाबून पाहिलीस का? कारण काही गोळ्यांचं नुसतं कवच बाहेर पडतं, आतलं औषध केव्हाच सुटून गेलेलं असतं. त्यानं पाहिली होती. काडीनं दाबली तर फुटेना, म्हणून दगडावर ठेवून फोडली, तेव्हा आतून कोरडी भुकटी निघाली. दिवसाला सहा गोळ्या, एकेक ४०० मिलिग्रॅमची, आणि त्यातली एक तरी आतड्याला न भेटताच निघून गेलेली. "मग ती पोटात जाऊन करते तरी काय?" असं त्यानं विचारलं.

गोळ्या घडवण्याच्या धंद्यात माझी तीस वर्षं गेली. त्या दिवशी मी त्याला वीस मिनिटं समजावलं, डॉक्टरांना हे आजच सांग म्हणून बजावलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की निम्मं उत्तर मी इंग्रजी शब्दांतच दिलं होतं. त्याला कळलं ते एवढंच, की दोष त्याचा नाही. म्हणून या पुस्तकाचं हस्तलिखित हाती आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. झाडांच्या डिंकापासून आणि बियांच्या बुळबुळीपासून हायड्रोजेल करायचं, त्यात औषध बसवायचं आणि ते मोठ्या आतड्यात, हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या वेगानं सुटेल असं करायचं, हा या पुस्तकाचा विषय. या विषयावर मराठीत असं सलग लिहिलेलं मी आधी वाचलं नव्हतं. लेखिका डिचोलीच्या, मी पेडण्याचा. प्रस्तावना लिहा म्हणून त्यांनी सांगितलं तेव्हा मी ठरवलं, ती त्या फोनचं राहिलेलं उत्तर म्हणून लिहायची.

आधी आजाराबद्दल. मावसभावाला रक्त पडू लागलं तेव्हा आमच्याकडच्या कुठल्याही घरात होतं तेच झालं. आंव म्हणून कुड्याच्या सालीचा काढा, मग आंवेच्या गोळ्या, मग मुळव्याधीचं मलम. दोन वर्षं यात गेली, वजन अकरा किलो उतरलं. शेवटी दुर्बीण घातली तेव्हा मोठ्या आतड्याचा खालचा भाग लालभडक दिसला, जरा स्पर्श झाला की रक्त. अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटतात, तिथे व्रण पडतात, भरतात, पुन्हा उघडतात. क्रोन्स हा त्याचाच भाऊबंद. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही उठतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. औषधांनी दोन्ही शांत राहतात, पण सोबत कायमची.

टॅक्सी चालवणाऱ्याला हा आजार म्हणजे काय, ते केसपेपरवर येत नाही. मोपहून हरमलला जायच्या रस्त्यावरचं प्रत्येक शौचालय त्याला पाठ आहे. लांबचं भाडं असेल त्या दिवशी तो सकाळपासून काही खात नाही. मागे बसलेल्या पाहुण्यांना गाडी मध्येच का थांबवली ते सांगता येत नाही, म्हणून त्यानं टायर तपासायचं निमित्त ठरवून ठेवलं आहे.

हा श्रीमंत देशांचा आजार असं आम्ही कॉलेजात शिकलो होतो. २००३ साली लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबातली पाहणी प्रसिद्ध केली. घरोघर फिरून ५१,९१० माणसं तपासली, त्यांत २३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. म्हणजे लाखामागे ४४.३. हाच दर आमच्याकडे लावला तर, आणि हा माझा निव्वळ गुणाकार आहे, २०११ च्या जनगणनेतल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांच्या पावणेदोन लाख वस्तीत पंचाहत्तर-ऐंशी माणसं निघतात. त्यांतली किती अजून आंवेचा काढा घेत असतील, हा विचार मनातून जात नाही.

आता गोळीची वाट. या आजारावरचं पहिलं औषध मेसालाझीन. ते आतड्याच्या अस्तराला आतून, जागेवरच लागावं लागतं, एखाद्या मलमासारखं. साधी गोळी करून दिलं तर लहान आतड्याच्या सुरुवातीलाच ते रक्तात शोषलं जातं आणि खाली व्रणापर्यंत फारसं काही उरत नाही. म्हणून गोळीवर असं कवच चढवतात की जे जठराच्या आम्लात टिकेल आणि लहान आतडं संपता संपता, पीएच ७ च्या आसपास विरघळेल. निरोगी माणसात हा हिशेब बरोबर येतो. पण आजारी आतड्यात पीएच खाली घसरलेला असू शकतो, आणि जुलाब लागलेले असले की सगळं भरधाव पुढे सरकतं. कवचाला विरघळायला ना हवं तसं पाणी मिळतं ना वेळ. ज्याला औषधाची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच पोटात कवच फसण्याची शक्यता सर्वांत जास्त. मावसभावाच्या प्रश्नाचं उत्तर हे.

दुसरा मार्ग स्टेरॉइडचा. तोही त्यानं करून पाहिला. रक्त थांबलं, पण महिन्याभरात चेहरा सुजून गोल झाला, झोप उडाली. औषध सगळ्या अंगभर फिरतं आणि दुखतं फक्त हातभर आतडं, हे गणित कुठल्याही फॉर्म्युलेशनवाल्याला अस्वस्थ करणारं आहे.

पीएचवर विसंबायचं नाही तर मोठं आतडं ओळखायचं कशावरून? याचं उत्तर एका जुन्या औषधात आधीच पडून होतं. स्वीडनच्या डॉक्टर नाना स्वार्ट्झ यांनी १९४० च्या आसपास संधिवातासाठी सल्फासालाझीन वापरायला घेतलं. कोलायटिसच्या रोग्यांनाही त्याचा गुण आला. का आला, हे कळायला पस्तीसेक वर्षं लागली. १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये मूळचे बांगलादेशचे ए. के. आझाद खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांना तीन वेगवेगळे एनिमे दिले: अख्खं सल्फासालाझीन, आणि त्याचे दोन तुकडे वेगवेगळे. गुण अख्ख्या औषधानं आला आणि एका तुकड्यानं आला. तो तुकडा म्हणजेच मेसालाझीन. दुसरा तुकडा नुसता वाहणारा हमाल होता. आणि या दोघांची गाठ सोडत होते मोठ्या आतड्यातले जिवाणू. वर जठरात जिवाणू जेमतेम, लहान आतड्यात थोडे, आणि मोठ्या आतड्यात एका ग्रॅममागे दहा हजार कोटींच्या घरात. कुलूप उघडायचं ठिकाण ठरलेलं होतं, कारण किल्ली फक्त तिथेच राहते.

वनस्पतींचा या गोष्टीत प्रवेश होतो तो इथे. गवारीचा डिंक, मेथीची बुळबुळ, चिंचोक्याचं पीठ, फळांतलं पेक्टिन, या साऱ्या साखरांच्या लांबच लांब साखळ्या. त्या तोडायची विकरं आपल्या शरीराकडे नाहीत. भाताचा स्टार्च आपण पचवतो, गवारीचा डिंक नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र त्यावर तुटून पडतात, तो त्यांचा आहार आहे. म्हणजे औषध अशा साखळ्यांच्या जाळ्यात अडकवलं तर ते वरच्या सगळ्या रस्त्यात धरून राहील आणि जिवाणूंच्या वस्तीत पोचल्यावर जाळं खाल्लं जाईल, तसतसं सुटत जाईल. आजारानं पीएच बदलतो, पण जिवाणूंची वस्ती नाहीशी होत नाही. कारखान्यातल्या कवचापेक्षा मला ही कल्पना जास्त भरवशाची वाटते, आणि हे मी आयुष्यभर कवचं चढवून झाल्यावर म्हणतो आहे.

हायड्रोजेल हा शब्द नवा, वस्तू जुनी. रात्री चमचाभर सब्जा पाण्यात टाका. प्रत्येक काळ्या बीभोवती पारदर्शक थर फुगलेला दिसेल. चिमटीत धरला तर निसटतो, दाबला तर थोडा दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. त्यात जवळजवळ सगळं पाणीच आहे, तरी ते वाहून जात नाही. साखळ्यांनी पाणी धरून ठेवलेलं आहे. या साखळ्या नुसत्याच एकमेकींत गुंतलेल्या असतील तर जास्त पाण्यात त्या हळूहळू सुटतात आणि सगळं पातळ होतं. त्यांच्यात मध्ये मध्ये आडवे टाके घातले की गोधडीसारखं एक अंग तयार होतं. फुगतं, पण विरत नाही. प्रयोगशाळेत केलेल्या अशा हायड्रोजेलची कथा प्रागच्या ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांच्या १९६० च्या लेखापासून सांगतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आल्या. पण सब्जा आणि इसबगोल त्याच्या कितीतरी आधी आपल्या पेल्यात फुगत होते.

टाके किती घालायचे, यावर सगळं अवलंबून. शापोरा नदीवर मासे धरणाऱ्याला जाळ्याचा आस किती मोठा ठेवायचा ते नेमकं कळतं. आस मोठा तर मासा निसटतो, फार बारीक तर पाणीच निघत नाही. जेलचं तसंच. टाके कमी पडले तर औषध जठरातच झिरपून जातं. फार झाले तर जाळं इतकं घट्ट होतं की जिवाणूंची विकरं आत शिरू शकत नाहीत आणि ते न फुटताच बाहेर पडतं, म्हणजे पुन्हा मावसभावाची गोळी. या पुस्तकाची मधली तीन प्रकरणं याच मोजमापावर आहेत. ती कठीण आहेत, पण वगळू नयेत. जेल किती फुगलं ते वजनावरून कसं काढतात, दोन तास आम्लात आणि मग तीन तास लहान आतड्यासारख्या पाण्यात ठेवून किती औषध सुटलं ते कसं पाहतात, शेवटी त्यात उंदराच्या आतड्यातला माल का मिसळतात, हे लेखिकांनी इतकं सावकाश उलगडलं आहे की बारावीचा विद्यार्थीही पाठोपाठ चालू शकेल.

भारतात या वाटेवर सर्वांत नेटानं काम झालं ते गवारीच्या डिंकावर. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात वाय. एस. आर. कृष्णय्या आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली गवारीच्या गोळ्यांत किरणोत्सारी टेक्नेशियम घालून त्या निरोगी स्वयंसेवकांना दिल्या आणि गोळी पोटात कुठे आहे, कधी फुटते, हे गॅमा कॅमेऱ्यानं पाहिलं. पृष्ठभागावरचं थोडं वाटेत सुटलं, पण गोळी जठर आणि लहान आतडं पार करून मोठ्या आतड्यात गेली आणि तिथे फुटली. राजस्थानच्या शेतात उगवणाऱ्या गवारीचा डिंक माणसाच्या पोटात ठरल्या ठिकाणी उघडतो, हे त्या चित्रांत दिसलं. मी तेव्हा कारखान्यात होतो. तो लेख झेरॉक्स करून आम्ही टेबलावरून टेबलावर फिरवला होता.

इसबगोलाची गोष्ट थोडी वेगळी. १९९९ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी शांत झालेला कोलायटिस शांत ठेवण्यासाठी इसबगोलाच्या बिया आणि मेसालाझीन यांची वर्षभर तुलना केली आणि बिया औषधाच्या जवळपास उतरल्या. अभ्यास लहान होता, त्यावरून कुणी गोळ्या बंद करू नयेत. पण ज्याला आपण नुसती पिशवी समजत होतो ती पिशवीही काही काम करते, ही शंका तेव्हापासून गंभीरपणे घेतली जाते. जिवाणू हे तंतू खाऊन जी लहान आम्लं तयार करतात, त्यांतलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य अन्न आहे.

जुन्या वैद्यकाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण या विषयात त्याच्याबद्दल एकतर फार फुगवून बोललं जातं किंवा मुळीच नाही. चरकसंहितेच्या अतिसारचिकित्सेत पिच्छाबस्ती सांगितली आहे. सावरीचे देठ कुशात गुंडाळायचे, वर काळी माती लिंपायची, शेणीच्या आचेवर भाजायचे, मग कुटून दुधात कालवायचे आणि तो बुळबुळीत बस्ती गुदमार्गानं द्यायचा. पिच्छा म्हणजे बुळबुळ. रक्त आणि आंव पडणाऱ्या माणसाच्या आतड्यावर वनस्पतीचा लेप आतून पसरवायचा, हा विचार त्यात स्पष्ट आहे. जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये चिंचोक्याच्या झायलोग्लुकनमधला थोडा गॅलॅक्टोज विकरानं काढून असं द्रव तयार केलं की जे गार असताना पातळ राहतं आणि अंगाच्या उबेनं गुदाशयात घट्ट होतं. या दोघांच्या मध्ये शतकानुशतकं आहेत आणि हेतू एकमेकांना ओळखीचा आहे. तरीही पिच्छाबस्तीला नियंत्रित औषधपुरवठा म्हणणं बरोबर नाही. किती सुटतं, कधी सुटतं, हे त्यात कुणी मोजलं नव्हतं. लेखिकांनी ही रेघ कुठेही पुसलेली नाही.

आमच्या मातीतही या आजाराचा मागोवा जुना आहे. गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यातला एक संवाद हगवणीवरच्या मलबारी वनस्पतीवर आहे. अभ्यासक तिला बहुधा आपला कुडा मानतात. माझी आजी पेडण्यात ज्या झाडाची साल काढायला मला पाठवत असे, तेच हे झाड असावं. आजी साल नेहमी झाडाच्या एकाच बाजूनं काढू देई, म्हणजे झाड जगतं.

आता ज्या प्रकरणासाठी मी हे पुस्तक दोनदा वाचलं, त्याबद्दल. काजूचा डिंक.

डिचोली, पेडणे, सत्तरीच्या डोंगरांवर काजू किती आहे ते नव्यानं सांगायला नको. सगळ्या गोव्यात पन्नास हजार हेक्टरांहून जास्त. हंगामात आम्ही बोंडू गोळा करतो, बिया पिळून वेगळ्या करतो, भाटीवर हुर्राक उतरतो. डिंकाकडे बघतो तो फक्त धास्तीनं. खोडाच्या बुंध्याशी तांबूस डिंकाचा गोळा दिसला आणि त्यात लाकडाचा भुसा मिसळलेला असला, तर आत रोठा शिरला आहे. अळी सालीखाली पोखरत चालली आहे. वडील कोयत्यानं साल तासून अळी शोधत, तारेनं ओढून काढत, आणि डिंक बाजूला फेकून देत. भुसा नसलेला, स्वच्छ डिंकही असतो. कोयता लागला, फांदी मोडली, की झाड त्या जखमेवर तो आणतं. ताजा असताना मधासारखा चकचकीत, बोटाला ओढ देणारा. उन्हात चार दिवस राहिला की काचेसारखा कडक होतो आणि ठोकला तर टचकन फुटतो.

काजू इथे आणला पोर्तुगिजांनी, ब्राझीलमधून, सोळाव्या शतकात. आणि त्या डिंकावर औषधाच्या दृष्टीनं सर्वांत जास्त काम झालं आहे तेही ब्राझीलच्याच ईशान्य भागात, सिआरा आणि पिआउई प्रांतांतल्या विद्यापीठांत. त्यांनी तो पाण्यात विरघळवून, गाळून, अल्कोहोलात साका पाडून शुद्ध केला. त्यात सर्वाधिक गॅलॅक्टोज, शिवाय ग्लुकोज, अरॅबिनोज, ऱ्हॅम्नोज आणि थोडं ग्लुकुरॉनिक आम्ल निघालं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत जुलाब आणि वेदनाशामकांनी होणारी पोटाची इजा या डिंकानं कमी झालेली त्यांना दिसली. त्यातल्या ग्लुकुरॉनिक आम्लामुळे डिंकावर किंचित ऋण भार असतो, हे मला विशेष वाटतं. सुजलेल्या आतड्यावर धन भाराची प्रथिनं साचतात. २०१५ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी क जीवनसत्त्वापासून केलेल्या एका पदार्थाचं ऋणभारित जेल करून दाखवलं होतं की ते उंदरांच्या सुजलेल्या आतड्याला निरोगी भागापेक्षा जास्त चिकटतं आणि रक्तात औषध कमी जातं. काजूच्या डिंकाला हे साधेल का? तत्त्वतः साधावं. पुस्तकात त्याला "करून पाहण्यासारखं" असं म्हटलं आहे, त्यापुढे एक पाऊलही टाकलेलं नाही, आणि तेच योग्य आहे.

मी घरी आमच्या बागेतला डिंक पाण्यात टाकून पाहिला. रात्रभर ठेवल्यावर सकाळी पेल्यात पिवळसर पाणी होतं, जवळजवळ पाण्याइतकंच पातळ, तळाशी सालीचे कण. सब्जासारखं काही फुगलं नव्हतं. काजूचा डिंक असाच आहे: विरघळतो, पण स्वतःहून जेल होत नाही. त्याला टाके घालावे लागतात किंवा अल्जिनेट, कायटोसान अशा दुसऱ्या कुणाची साथ द्यावी लागते. ज्यांना वाटतं की झाडाचा डिंक उचलला की औषध तयार, त्यांनी हा पेला जरूर करून पाहावा. आणि कुणीही तो पिऊन पाहू नये. शुद्ध न केलेल्या डिंकात साल असते, बुरशी असते, आणि काजूच्या चिकाची बाधा आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही?

माझी खरी तक्रार या क्षेत्रातल्या लेखनाबद्दल आहे. शीर्षकात "वनस्पतिजन्य" असतं आणि आत पाहावं तर डिंकावर ॲक्रिलामाइडच्या साखळ्या जोडलेल्या असतात आणि टाके ग्लुटारॲल्डिहाइडचे. जोडलेली साखळी निरुपद्रवी असेल, पण न जोडलं गेलेलं ॲक्रिलामाइड मज्जातंतूंना विषारी आहे, आणि ते शेवटच्या कणापर्यंत धुऊन काढलं का, हे त्या लेखांत नेहमी सापडत नाही. वर्षानुवर्षं रोज सहा गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी आपण हे करतो आहोत. सायट्रिक आम्लानं, उष्णता देऊन टाके घालता येतात. पेक्टिनचं द्रावण थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडलं तर क्षणात मणी तयार होतात. हे मार्ग हळू आहेत, कमी चमकदार आहेत. पुस्तकात त्यांना जास्त पानं दिली आहेत, याबद्दल मी ऋणी आहे.

दुसरी अडचण धंद्यातली. मार्चमधला डिंक आणि नोव्हेंबरमधला डिंक सारखा नसतो. एका झाडाचा दुसऱ्यासारखा नसतो. कारखान्यात आम्हाला एक पोतं दुसऱ्यासारखंच वागायला हवं असतं, नाहीतर आजची गोळी सहा तासांत सुटेल आणि उद्याची तीन तासांत. तिसरी अडचण रोग्याची. आजारी आतड्यात जिवाणूंची वस्ती राहते, पण बदलते. किल्ल्या असतात, पण सगळ्याच नाहीत. निरोगी उंदराच्या आतड्यात सुटलेलं जेल माझ्या मावसभावाच्या पोटात तसंच सुटेल, असं धरून चालता येत नाही. म्हणूनच प्रयोगशाळेत अशी जेलं पुष्कळ होतात आणि दवाखान्यापर्यंत फारच थोडी जातात.

असं असूनही हे काम गोव्यात व्हावं असं मला कळकळीनं वाटतं. पणजीत १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली तेव्हापासून इथे औषधं शिकवली जात आहेत. वेर्णा, कुंडई, पिळर्ण इथल्या कारखान्यांतून गोळ्या जगभर जातात. जुन्या गोव्याला शेतीसंशोधनाची केंद्रीय संस्था आहे, जिला काजू झाडागणिक माहीत आहे. आणि ११ डिसेंबर २०२२ पासून पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं रुग्णालय उभं आहे, जिथे पिच्छाबस्तीसारख्या उपचारांची मोजून, नोंदून तपासणी होऊ शकते. बागाईतदार, रसायनशास्त्रज्ञ, वैद्य आणि पोटविकाराचे डॉक्टर एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. माझ्या तीस वर्षांत मी त्यांना एका टेबलाशी बसलेलं पाहिलं नाही. कोलायटिसच्या रोग्याला तर कुणीच बोलावलं नाही. त्याला विचारलं असतं तर त्यानं पहिलं हे सांगितलं असतं, की गोळ्या सहाच्या दोन करा, आणि एनिमा असा करा की जो गाडीच्या ड्युटीआधी देता येईल आणि वाटेत गळणार नाही. जेल कशासाठी घट्ट हवं, ते यातून जितकं कळतं तितकं कुठल्या समीकरणातून कळत नाही.

पुस्तकाच्या भाषेबद्दल थोडं. लेखिकांनी हायड्रोजेल, पॉलिमर, पीएच हे शब्द तसेच ठेवले आहेत. क्रॉसलिंकला मात्र टाका म्हटलं आहे आणि म्युसिलेजला सरळ बुळबुळ. सुरुवातीला मला बुळबुळ खटकली. दुसऱ्या वाचनात पटलं, कारण भेंडी चिरलेल्या प्रत्येकाला तो पदार्थ कुठला ते तत्क्षणी समजतं. विकर हा शब्द शाळेतला आहे, तो ठेवला हेही चांगलं झालं. आकृत्या आणखी हव्या होत्या. विशेषतः आतड्याच्या अस्तराची एक तरी मोठी आकृती पुढच्या आवृत्तीत यावी.

मावसभावाचं औषध डॉक्टरांनी बदललं. आता तो वेगळ्या घडणीची गोळी घेतो आणि रात्री झोपताना मेसालाझीनचा एनिमा. वजन सात किलो परत आलं आहे. हस्तलिखितातलं गवारीचं प्रकरण मी त्याला मोपच्या पार्किंगमध्ये दिलं होतं. त्यानं गाडीत बसून वाचलं आणि समासात एका ठिकाणी पेन्सिलनं खूण केली, जिथे गोळी मोठ्या आतड्यात शिरून उघडायला लागते तिथे. बाजूला लिहिलं, "हांगा!"

वाचकांनी पुढे जाण्याआधी एक काम करावं. दोन पेले पाणी घ्यावं. एकात चमचाभर सब्जा, दुसऱ्यात चमचाभर मेथीचं पीठ टाकून ढवळावं आणि झाकून ठेवावं. पहिलं प्रकरण वाचून होईपर्यंत दोन्ही पेल्यांत फरक दिसू लागेल. दुसरं प्रकरण त्या फरकापासून सुरू होतं.